मायाच्या चौकटी

माया कांबळे साताऱ्यात पाटबंधारे खात्याच्या एका कार्यालयात ट्रेसर होती. म्हणजे अभियंत्यांनी पेन्सिलीनं घातलेला गोंधळ शाईनं सुबक करून देणारी बाई. रोज उंब्रजहून एसटीनं यायची.

१९९८ साली कार्यालयात संगणक आला. त्याला हार घातला, नारळ फोडला आणि वर टॉवेल टाकून ठेवला. पुढं कार्यालयाचे प्रमुख खाडिलकर साहेब यांना सगळ्या आकृत्या त्याच्यावरच हव्या झाल्या. टायपिस्ट चौकट सरकवायचा, बाण जागीच राहायचा. एका आकृतीत तर धरणाचं पाणी थेट आस्थापना शाखेत शिरलं.

मायाला ते बघवेना. आठवडाभर जेवणाच्या सुटीत, एका हातात भाकरी आणि दुसऱ्यात माउस धरून तिनं धरण, दरवाजा, कालवा, चौकट असं एकेक चित्र काढलं, बाण त्यांना पक्के बांधले आणि सगळं एका फाईलमध्ये ठेवलं. हवं ते उचलायचं, हवं तिथं ठेवायचं. मजकूर लिहाल तशी चौकट आपोआप मोठी व्हायची.

तिथंच घोळ झाला. वरिष्ठांच्या भेटीसाठी कर्मचाऱ्यांचा तक्ता केला. साहेबांच्या चौकटीत फक्त ‘का. अ.’, म्हणजे कार्यकारी अभियंता. तळाशी आकाराम होता. त्याचं पद ‘रोजंदारी तत्त्वावरील तात्पुरता कालवा चौकीदार, मुदतवाढीच्या अधीन’. त्याची चौकट साहेबांच्या चौपट.

साहेब भडकले. “हा चौकीदार आहे की मंत्री?”

“साहेब, चौकट हुद्दा बघत नाही, अक्षरं बघते.”

“मग माझी वाढवा!”

मायानं साहेबांचं पद पूर्ण लिहिलं. तरी कमी पडलं. पदवी घातली, अतिरिक्त कार्यभार घातला, सुवर्णपदकसुद्धा घातलं. ते पाहून उपअभियंत्यांनीही आपापल्या पदव्या आणून दिल्या. तक्ता सहा कागदांवर गेला.

भेटीच्या दिवशी मुंबईहून आलेल्या वरिष्ठांनी साहेबांचं सुवर्णपदक ओलांडून थेट तळाशी बोट ठेवलं. “हे तात्पुरते कधीपासून?”

आकाराम दारातच उभा होता. “चौदा वर्सं झाली की, साहेब.”

वरिष्ठांनी ते वहीत टिपून घेतलं.

सहा महिन्यांनी आकारामला कायम केल्याचा आदेश आला. तो पेढे घेऊन आला. “ताई, तुमच्या चौकटीनं केलं हे.”

“चौकटीनं कशाचं? तुमी चौदा वर्सं राबला म्हणून झालं,” ती म्हणाली, पण दोन पेढे घेतले.

मायाला बढती मिळाली नाही. फाईलचं श्रेय साहेबांनी घेतलं. सांगलीच्या कार्यालयानं मात्र शिकवायला तिलाच बोलावलं. तिथं तिनं अभियंत्यांना स्वतःची चौकट स्वतः काढायला लावली. तिघांना माउस आवरेना. “हात सैल सोडा साहेब, पळून जात नाही तो,” असं म्हणत ती प्रत्येकाच्या मागं उभी राहिली. इतके अभियंते आपल्यापुढं मान खाली घालून बसलेले तिनं नोकरीत पहिल्यांदाच पाहिले. घरी नवऱ्याला हे सांगताना तिला हसू आवरेना.