धरणाजवळची दुभाषी

भातसानगरला धरणाच्या गेटवर माझी ड्युटी असते. एक बाई अधूनमधून समोरच्या झाडाखाली यायची, चपला बाजूला काढून बसायची आणि फोनवर कुठल्यातरी परक्या भाषेत हळू बोलायची. धरणाजवळ असं कोणी दिसलं की मनात नको तो संशय येतो. एकदा मी दरडावलंच, "ताई, कोणाशी बोलता?"

"काका, मी युनिव्हर्सिटीत फ्रेंच शिकले. मुंबईच्या हॉस्पिटलात आफ्रिकेतले फ्रेंच बोलणारे पेशंट येतात. डॉक्टरांचं बोलणं मी त्यांना फोनवर सांगते. त्यावरच घर चालतं."

"मग घरी बसून बोला ना."

"बरी बातमी घरूनच सांगते. वाईट आहे असं डॉक्टरांनी कळवलं की इथं येते. पोरांसमोर तोंडातून निघत नाय."

मला ते पुरतं पटलं नाही. तरी हल्ली ती येताना दिसली की वाटतं, आज ही यायला नको होती.