हलूनकाबाई आणि दोन कॅमेरे

तिला नावानं हाक मारणारं बाजारात कुणी उरलं नव्हतं. सगळे 'हलूनकाबाई' म्हणत. फोटो काढताना ती "हलू नका!" असं काही ओरडायची, की खुर्चीतलं गिऱ्हाईक सोडाच, बाहेर रस्त्यावरनं चाललेला सायकलवालाही ब्रेक दाबायचा.

ओरडायला कारण होतं. तिच्या गळ्यातला डीएसएलआर कॅमेरा जुना, आणि तोही कंपनीनं नवशिक्यांसाठी काढलेला, सगळ्यात खालच्या पायरीवरचा. उजेड कमी झाला की त्याचं रडगाणं सुरू. शटर सावकाश ठेवलं तर माणूस हलतो, वेगात ठेवलं तर फोटो काळा, उजेड ओढायला आयएसओ चढवला तर चेहऱ्यावर वाळू फेकल्यागत दाणे. मग बाई गिऱ्हाइकाला दंडाला धरून खिडकीकडं ओढायची, आपलं कोपर भिंतीला टेकवायची, श्वास धरायची आणि ओरडायची. खट्याक. फोटो बरा यायचा. लोक म्हणायचे, कॅमेरा झकास आहे बाईंचा. बाई हसण्यावारी न्यायची. कॅमेरा कसला झकास, डबडं होतं ते. झकास होती ती बाई.

स्टुडिओ आबांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा. पुढं काउंटर, मागं निळा पडदा आणि दिव्यांच्या दोन छत्र्या, जिन्याखालच्या बोळकांडीत प्रिंटर. आबांचे हात कापायला लागले तसा कॅमेरा तिच्या गळ्यात आला. शाळांचे ग्रुप, कारखान्यातले निरोप समारंभ, विम्यासाठी लागणारे ठोकलेल्या गाड्यांचे फोटो, सगळीकडं तीच जायची. दुकानात बसणं तिला जमतच नसे. दोन तास काउंटरमागं बसवलं की ती गिऱ्हाइकांशी भांडण काढायची.

पुढं धाकटा भाऊ मोबाइलच्या दुकानातली नोकरी सोडून स्टुडिओत आला. पोरगा वाईट नव्हता, पण बोलायला लागला की समोरच्याला जांभई येईपर्यंत थांबत नसे. त्यानं आबांच्या मागं लागून व्यावसायिक लोक वापरतात तसला मिररलेस कॅमेरा घ्यायला लावला. पैसे स्टुडिओचे, म्हणजे तिच्याही पायपिटीचे. आत आरसा नाही, आवाज नाही, डोळ्याला लावला की फोटो कसा येणार ते आधीच दिसतं, आणि माणसाचा डोळा आपला आपण हुडकून फोकस धरतो. धाकट्यानं तो स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि जुना तिच्याकडं सरकवला.

"आणि मी?" ती म्हणाली.

"तुझा हात जुन्यावर बसलाय ना ताई. तुला तो पुरतो."

"पुरतो हे तुला कुणी सांगितलं?"

"इतक्या वर्षांत तक्रार केलीस का कधी?"

हे मात्र वर्मी लागलं. नव्हती केली. डबड्याची सगळी पापं तिनं स्वतःच्या कोपरानं आणि घशानं झाकली होती, आणि आता ती झाकपाकच तिच्यावर उलटली होती.

दोघांचं रोज वाजायला लागलं. शेवटी आबा वैतागले. "हे बघा, दोघं एकाच कामाला जा. फोटो शेजारी शेजारी लावून बघू. ज्याचे चांगले त्यानं यापुढं बाहेरची कामं करायची. दुसऱ्यानं दुकान सांभाळायचं. आणि मला शांतपणे पेपर वाचू द्यायचा."

"कॅमेरे अदलून बदलून?" तिनं विचारलं.

"ज्याचा त्याच्याजवळ," धाकटा घाईनं म्हणाला.

"मग शर्यत माणसांची आहे की कॅमेऱ्यांची? एकाला मोटरसायकल, दुसऱ्याला खडावा, आणि म्हणे पळा!"

आबांनी पेपर वर केला. म्हणजे निकाल लागला.

काम आलं ते मुलींच्या वेटलिफ्टिंगचं. कोचबाई चांगल्या खांबासारख्या उभ्या, आवाज लाउडस्पीकरचा. हॉल म्हणजे पूर्वीचं धान्याचं गोदाम: उंच पत्रे, चार मरतुकड्या ट्यूबलाइट आणि मधोमध लाकडी फळी. फ्लॅश मारायला सक्त मनाई, कारण डोक्यावर वजन असताना पोरीच्या डोळ्यापुढं वीज चमकली तर मान मोडायची. एवढं ऐकलं आणि बाईला कळलं की आपण मेलो. खिडकी नाही, टेकायला भिंत नाही, आणि वजनाचा बार उचलणाऱ्या पोरीला "हलू नका" म्हणायची सोय नाही.

तरी ती हटली नाही. फळीच्या कडेला जमिनीवर फतकल मारली, गुडघ्यावर कोपर रोवलं आणि पोरींचे श्वास ऐकत बसली. श्वास आत ओढला की बार हलणार, एवढं तिला दोन पोरींत कळलं. खट्याक, खट्याक. पलीकडं धाकटा उभा, त्याच्या कॅमेऱ्याचं हूं की चूं नाही.

बेकरीवाल्याची मुलगी पुढं आली. ठेंगणी, जाड मनगटांची. तिच्या दुसऱ्या खेपेला बार छातीपर्यंत आला आणि हातातून सुटून दाणकन आदळला. बाईनं तो क्षण टिपला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलं तर वेळ अचूक, चौकट अचूक, आणि पोरीचे हात नुसते धुराचे लोट. वर दाण्यांचा सडा.

"थू तुझ्या!" ती कॅमेऱ्याला म्हणाली.

कोचबाई मागंच होत्या. त्यांनी वाकून बघितलं. "हे असं येतं?"

"उजेड नसला की असंच येतं. तो भावाकडचा बघा, तसल्या कॅमेऱ्यात नाही येत."

"मग तसला घ्या की."

"भाऊ म्हणतो, मला हा पुरतो."

कोचबाईंनी धाकट्याकडं बोट केलं. "अहो फोटोवाले! काम मी बाईंना सांगितलं होतं. ही मुलगी आता तेच वजन पुन्हा उचलणार. तेवढ्यापुरता कॅमेरा बाईंना द्या."

धाकट्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पण त्या आवाजापुढं हॉलचे पत्रे थरथरत, तो कोण? "एवढीच खेप हं ताई," म्हणत त्यानं कॅमेरा दिला.

तिनं तो डोळ्याला लावला. एवढं अंधारं गोदाम आत लख्ख. पोरीच्या डोळ्यावर एक चौकोन येऊन बसला आणि पोरगी वाकली तरी सुटेना. पोरीनं श्वास ओढला. बाईनं बटण दाबलं.

काही नाही. खट्याक नाही. जुन्यात फोटो निघताना आरसा उडतो आणि डोळ्यापुढं पापणी लवल्यासारखा अंधार येतो, तोही नाही. 'मेला का काय हा!' तिनं आणखी जोरात दाबलं. दाबूनच धरलं. पोरीनं बार छातीवर घेतला, उठली, थांबली, डोक्यावर फेकला, पाय सावरले, किंचाळली. बाई शिव्या घालत होती, बटण दाबत होती, आणि चौकट मात्र पोरीवरून तसूभर ढळू देत नव्हती.

"बंद पडलाय!" ती ओरडली.

धाकट्यानं कॅमेरा ओढून घेतला, बघितलं आणि हसत सुटला. "बंद? अगं, एकाच पोरीचे शेकड्यांनी काढलेस! बोट उचलायचं असतं! बघितलंत कोचबाई? म्हणून म्हणतो, हे तिचं काम नाही." फोटो पुसून टाकायला तो निघाला.

"पुसायचे तर आबांसमोर," ती म्हणाली. "आत्ता हात लावलास तर इथल्या एखाद्या पोरीकडून तुलाच उचलवीन."

शेजारच्या पोरी खिदळल्या. त्यानं पुसले नाहीत.

सकाळी आबांनी चष्मा पुसला आणि कॉम्प्युटरसमोर बसले. धाकट्याचे फोटो सुईसारखे स्वच्छ. काही तर खरंच छान होते, आणि तिनं तसं म्हटलंही. "हा चांगला आहे. हाही. हा मला जमला नसता." धाकटा फुलला. मग तिचे जुन्यातले आले. वेळ नेमकी, पण दाणे, धूर, काळोख. आबांनी हातानंच 'पुढं, पुढं' केलं.

"आता पुढचे उघड," ती म्हणाली.

"ते चुकून आलेत," धाकटा म्हणाला.

"उघड."

बेकरीवाल्याची मुलगी एकेक फोटो करत जमिनीवरून उठली. गालाचं थरथरणं, तळव्यांवरून उडालेली पांढरी पावडर, वजन डोक्यावर स्थिर झाल्याबरोबर उघडलेलं तोंड. काहींत ट्यूबलाइटचे फिकट पट्टे होते, पण पोरगी एकाही फोटोत चौकटीबाहेर नव्हती. आबांनी एकावर थांबून कापरं बोट पडद्याला लावलं.

"हा कुणी काढला?"

"कॅमेऱ्यानं," धाकटा म्हणाला. "ताईनं नुसतं बटण दाबून धरलं. फोकस त्यानं धरला, उजेड त्यानं सांभाळला. यात तिचं काय?"

ती याचीच वाट बघत होती.

"बरं, कॅमेऱ्यानं काढला. मग हा धुराचा लोट कुणी काढला?" तिनं जुन्यातला फोटो शेजारी आणला. "पोरगी तीच, वजन तेच, हॉल तोच, काढणारी मीच. चांगला आला की कॅमेऱ्याचा आणि वाईट आला की माझा? एक काहीतरी धर. दोन्ही कॅमेऱ्यांचे असतील तर तूही काल काही केलं नाहीस. आणि दोन्ही माझे असतील, तर एवढा फरक पाडणारी वस्तू मला द्यायची नाही, असं माझ्या तोंडावर सांग. आबा, तुम्हीही सांगा. पेपर खाली ठेवून सांगा."

आबांच्या हातात पेपर नव्हताच. त्यांनी चष्मा काढला. "तू कधी म्हणाली नाहीस, तो इतका वाईट आहे म्हणून."

"म्हटलं असतं तर तुम्ही कॅमेरा बदलला असतात, की मला?"

धाकट्यानं 'पण ताई' म्हणून सुरुवात केली, तर आबांनी त्याला हातानं थांबवलं. त्याला कुणी मधेच थांबवलेलं घरात पहिल्यांदाच घडत होतं.

"शर्यत-बिर्यत मला मान्य नाही," ती उठली. "मी दुकानात बसणार नाही. काम ज्याला सांगून येईल त्यानं नवा न्यायचा. उद्याचं कारखान्यातलं मला सांगून आलंय. तुला आलं की तू ने. भांडायचं असेल तर आत्ता भांडून घे, सकाळी मला वेळ नाही."

भांडण झालं, चांगलं जेवणं गार होईपर्यंत झालं. ती एक इंच मागं सरली नाही.

सकाळी तिनं कपाट उघडलं, नव्या कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली आणि पायात चपला सरकवल्या. धाकटा काउंटरमागं बसून मोबाइल चाळत होता. वर न बघता म्हणाला,

"जास्तीची बॅटरी ने. हा जुन्यासारखा नाही, खादाड आहे."

"घेतल्यात," ती म्हणाली आणि रस्त्याला लागली.