दुसऱ्या घरातलं बी

मढच्या पलीकडच्या एका वाडीत भात पिकवणाऱ्या एका मावशींनी मला त्यांच्या जुन्या भाताचं बी दिलं, तेव्हा मी भलतीच खुशीत होते. शेजारच्या खाचरांत करपा रोगानं पानं जळालेली पाहिली होती, आणि यांचं भात मात्र मजेत उभं होतं. मला संशोधनासाठी नेमकं असलंच काहीतरी हवं होतं.

त्यांनी सगळं बी सुपात ओतलं, बोटानं मधोमध रेघ ओढली आणि अर्धं माझ्या पिशवीत टाकलं.

"एवढं नको, मूठभर पुरे," मी म्हणाले.

"न्हाई ताई, बी दोन घरात असावं. एका घरचं गेलं तरी दुसऱ्या घरी ऱ्हातं. दर साली जावंच्या घरी देते, औंदा तुमाला."

मी मान डोलावली. ओतूरच्या बाजारपेठेत वाढलेली मी. मला ते नुसतं कौतुकाचं बोलणं वाटलं. शहाणी ना मी!

पुण्याच्या प्रयोगशाळेत त्या बियांची रोपं केली, त्यांना मुद्दाम करपा लावला, पानं खलात घोटली. रोग ओळखणारं प्रथिन सापडलं. त्यात एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि ते तुकडे शेजारी शेजारी बसून घोड्याच्या नालेसारखा बाक तयार होतो. तुकड्यातला बराचसा भाग दरवेळी तोच, त्यानं आकार टिकतो; थोडासा बदलतो, आणि तिथंच करप्याच्या बुरशीची खूण पकडली जाते. मी त्या तुकड्यांत इतकी रमले, की जेवायचं भान राहायचं नाही. कुठला तुकडा काय करतो हे तपासायला आणखी रोपं लागली, आणखी बी लागलं. शेवटची चिमूटसुद्धा मीच संपवली. थोडं राखून ठेवावं, हे मनातही आलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात मावशींचा फोन आला. पाऊस लांबला, लावणीसाठी राबात, म्हणजे भाजून तयार केलेल्या वाफ्यात, उगवलेली कोवळी रोपं वाळून गेली. "ताई, तुमच्या घरचं बी घिऊन या."

फोनवर खरं सांगायची हिंमत झाली नाही. रिकाम्या हातानं एसटीत बसले.

"मावशी, संपलं. सगळंच." त्या बघत राहिल्या, तशी मी घाईनं म्हणाले, "पण त्याची सगळी माहिती कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवलीय." बोलले आणि माझी मलाच लाज वाटली. त्या माहितीतून एक दाणाही रुजणार नव्हता.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "शिजवून तरी खाल्लं का? लई गोड लागायचं."

मी त्यातला एक दाणाही शिजवला नव्हता.

"हो मावशी, फार गोड होतं."

"मग वाया न्हाई गेलं," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला उठल्या.