थॉरला साबुदाणा

ग्रीन कार्डासाठी मी दत्ताचे गुरुवार धरले तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. आम्ही नुकतेच अमेरिकेत, चँडलरला आलो होतो. कंपनीने अर्ज केला आणि आईने नागपूरहून फोनवर बजावलं, ''कार्ड हाती येईपर्यंत गुरुवार सोडू नकोस.'' तिला वाटलं, दहा-बारा गुरुवार लागतील. मलाही तसंच वाटलं.

पाच वर्षांनी मुलीला शाळेत नॉर्स देवांवर प्रोजेक्ट आलं. त्या गुरुवारी तिने माझ्या ताटलीत डोकावून पाहिलं.

''बाबा, थर्सडे थॉरचा असतो. ही एट अ होल ऑक्स! आणि आठ सॅमन, वन डिनरमध्ये. अँड यू गिव्ह हिम साबुदाणा?''

''आपला गुरुवार दत्ताचा आहे.''

''इन इंडिया. हिअर इट्स थॉर्स.''

मी तिला दटावलं, पण शंका डोक्यात बसली ती बसलीच. अर्ज चुकीच्या खात्यात गेला की काय होतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? आमच्या ऑफिसात सर्व्हरना थॉर, ओडिन, लोकी अशी नावं आहेत. लोकी दर पंधरवड्याला बंद पडतो आणि त्याचं कुणालाच नवल वाटत नाही. त्या वर्षी खंडेनवमीला मी सगळ्यांची नजर चुकवून थॉरला कुंकवाचं बोट लावलं. म्हटलं, असू दे, दोन्हीकडे वशिला असावा. दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा सगळ्यांना ईमेल आला, की थॉरवर लाल डाग कसला? मी कळवलं, गंज असेल.

एवढं करूनही ग्रीन कार्डाची रांग हलेना. इथे मुलाला एकविसावं वर्ष पूर्ण झालं की ते आईबापांच्या अर्जातून गळतं. मग त्याने स्वतःचा व्हिसा मिळवायचा, नाहीतर देश सोडायचा. आम्ही जन्माचे दाखले, लग्नाचे फोटो, लसींच्या नोंदी, सगळं जमवलं होतं. राहिलं होतं ते फक्त तिचं वय थांबवायचं.

जूनमध्ये तिला एकवीस पूर्ण झाली. स्टुडंट व्हिसाच्या मुलाखतीसाठी तिला मुंबईला जावं लागलं, जिथून ती कडेवर बसून आली होती तिथेच. व्हिसा नाकारला तर ती तिकडे आणि आम्ही इकडे. मुलाखत नेमकी श्रावणातल्या शुक्रवारी सकाळी होती, म्हणजे आमच्याकडे गुरुवारची संध्याकाळ.

''तिचा शुक्रवार तो माझा शुक्रवार,'' म्हणत बायकोने फ्रिजवर जिवतीचा कागद चिकटवला. श्रावणी शुक्रवारी आई मुलांना ओवाळते आणि जे दूर असेल त्याच्या दिशेने अक्षता टाकते. माझ्या आईने सतरा वर्षं नागपुरातून अमेरिकेकडे टाकल्या. आता आम्ही अमेरिकेतून भारताकडे टाकणार होतो. मला हसू आलं.

''कुठल्या दिशेला टाकू रे?'' बायकोने विचारलं.

मी फोनवर पाहिलं. इथून मुंबईचा सगळ्यात जवळचा रस्ता सरळ उत्तरेला जातो, बर्फावरून. ''उत्तरेला,'' मी म्हणालो. ''वाटेत फ्रिगचा मुलूखही जवळ आहे.''

''ही कोण आता?''

फ्रायडे जिच्या नावाचा, ती. मुलीच्या त्या प्रोजेक्टमधलं एवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं. आपल्या मुलाला इजा करणार नाही, अशी शपथ तिने जगातल्या प्रत्येक वस्तूकडून घेतली. आगीकडून, लोखंडाकडून, दगडांकडून, रोगांकडून. एक लहानसं रोप तेवढं राहून गेलं. त्यानेच मुलगा गेला.

हे सांगताना माझ्या लक्षात आलं, की आपण हे आत्ता सांगायला नको होतं.

 बायकोने मूठ उघडली, थोड्या अक्षता माझ्या हातावर ठेवल्या आणि उरलेल्यातल्या उत्तरेला टाकल्या. मग पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला. मग सोफ्याखाली, फ्रिजच्या मागे आणि दाराच्या फटीतसुद्धा.

''तूही टाक,'' ती म्हणाली. ''काही राहायला नको.''