पडला म्हणायचं

"पडला ना?"

स्पीकर घेऊन दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते दुरुस्तीवाले गृहस्थ हेच विचारायचे. उत्तर यायच्या आत दोन्ही अंगठ्यांनी स्पीकरचा काळा कागदी पडदा हलकेच दाबायचे, डोळे मिटून कान जवळ न्यायचे आणि च्च करायचे.

बंगळूरच्या शिवाजीनगर बसस्टँडमागे त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथंच मुरलेलं. आम्ही तेव्हा, नव्वदच्या दशकात, नुकतेच पुण्याहून बनशंकरीत राहायला आलो होतो. "स्वल्प थांबा अक्का," ते म्हणाले आणि मी चमकले. 'स्वल्प' हा शब्द मी तोवर फक्त विरामचिन्हात पाहिला होता.

विनय नावाची चीज त्यांच्यापाशी नव्हती. "अख्ख्या बंगळुरात असा कान दुसरा नाही," हे ते गिऱ्हाइकाला ऐकवायचे, शेजाऱ्याला ऐकवायचे, चहावाल्यालाही सोडायचे नाहीत. वेळेवर काम देणं मात्र त्यांना माहीत नव्हतं. असा एखादा कारागीर तुम्हीही पाहिला असेल.

मी नेलेला स्पीकर माझ्या सासऱ्यांचा, नानांचा. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे आले ते एक कपड्यांची बॅग, कॅसेटचा डेक आणि दोन लाकडी स्पीकर घेऊन. त्यांचे हात थरथरायला लागले होते. एका सकाळी मी केर काढत असताना त्यांनी मदत म्हणून एक स्पीकर उचलला आणि तो हातातून सुटला. खोक्याचा कोपरा उकलला, आवाजात खरखर आली. ते दुरुस्त होण्यासारखं होतं. पण त्या दिवसापासून नानांनी तान्ह्या नातीला घेणं बंद केलं. मी तिला पुढे केलं की त्यांचे हात शालीत जायचे.

"नको सूनबाई. स्पीकर होता म्हणून निभावलं."

मी तिला परत कडेवर घ्यायचे.

"सासऱ्यांच्या हातून झालं. त्यांनी पाडला," मी दुकानात सांगितलं.

"पाडला नाही अक्का. पडला म्हणायचं."

"अहो, पण त्यांच्याच हातातून..."

"ते तुमचं पुण्याचं. आमच्यात माणूस पाडत नाही. वस्तू पडते."

कन्नडच्या शेजारात यांचं व्याकरण बिघडलं असावं, असं मला वाटलं. मग बोलता बोलता मी त्यांना नानांचं आणि नातीचं सगळंच सांगून टाकलं. ते ऐकत होते की नाही, कळलं नाही. त्यांचा कान स्पीकरला होता.

मला बरेच हेलपाटे घालायला लावून शेवटी ते स्वतःच स्पीकर घेऊन घरी आले. खरखर गेली होती, पण कोपरा उघडाच होता. मी वैतागून विचारलं, तर म्हणाले, "ते घरी करायचं काम." जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं, फटीत सरस भरला आणि नानांना हाक मारली.

"अण्णा, या. इथं दाबून धरा. दोन्ही हातांनी."

"माझे हात हलतात हो."

"हलू देत. सोडायचं नाही, तेवढंच."

"पुन्हा पाडीन मी."

"पडेल. पुन्हा चिकटवू. धरा."

नाना खाली चटईवर बसले आणि त्यांनी कोपरा तळव्यांत धरला. हात हलत होते, त्यांच्याबरोबर खोकंही स्वल्प हलत होतं. हे गृहस्थ शेजारी बसून चहा पीत आपल्या कानाचं कौतुक सांगत राहिले. सरस धरल्यावर त्यांनी कोपऱ्यावर टिचकी मारली, "सरी, झालं" म्हणाले आणि निघून गेले. नाना बराच वेळ आपले हात पाहत बसले होते.

संध्याकाळी पोर रडायला लागली. मी तिला उचललं, तर नाना अजून चटईवरच होते.

"दे इकडे. मी खालीच बसलोय."

त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे पेढे घेऊन मी शिवाजीनगरला गेले, तेव्हा त्या फटीत घड्याळवाला बसला होता. कोणी म्हणालं, ते लेकीकडे गेले. कोणी म्हणालं, आजारी पडले. माझे आभार राहूनच गेले, म्हणून ते आज तुमच्यापाशी मानते आहे. त्यांना सांगायचं होतं की नानांचे हात काही थांबले नाहीत. ते मुलीला मांडीवर घ्यायचे आणि तिच्या पायातले वाळे सारखे बारीक वाजत राहायचे. पुढे पुढे त्या आवाजाशिवाय तिला झोपच येईना.