कुठला दिवा नारिंगी

अर्धी वाट मागे पडली तरी दादाने पिशवी काही बहिणीच्या हातात दिली नाही. आत टॉवेलात गुंडाळलेली हार्ड डिस्क होती. जुन्या मालाचा अख्खा बाजार पालथा घातल्यावर ती एकदाची मिळाली होती.

“बसने आलो असतो तर एव्हाना घरी चहा झाला असता,” ती म्हणाली.

“बसचे धक्के हिला सोसत नाहीत.”

“आणि माझ्या गुडघ्यांना ही पायपीट सोसते?”

“तुझ्या गुडघ्यांवर कुणाचे फोटो अवलंबून नाहीत, चिमे.”

साठी उलटलेल्या बाईला चिमी म्हणणारं आता हे एकच माणूस उरलं होतं.

दादाने चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. एकदा एका बंद पडणाऱ्या ऑफिसात लिफ्ट अडकली, आणि आत होते भंगारात निघालेले सर्व्हर, म्हणजे ऑफिसातले ते अखंड चालणारे मोठे कॉम्प्युटर. दादाने लिफ्ट सोडवली आणि एक खोकं मागून घेतलं. मग दुसरं आलं, तिसरं आलं. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे आडवं यायला कुणी नव्हतं. निवृत्त झाल्यावर मागची खोली या खोक्यांचीच झाली. त्यांच्या पंख्यांची घरघर खालच्या मजल्यावर तिच्या जपात मण्यागणिक घुसायची. “पांढरे हत्ती पोसतोयस,” ती म्हणायची. पण इमारतीतल्या अकरा घरांनी आपले फोटो त्याच्या हवाली केले होते. आग्रह त्याचाच. फोन हरवतात, माझं खोकं कुठे जातंय? तिच्या गेलेल्या यजमानांचे फोटोही त्यातच होते.

चौकात सिग्नलचा दिवा बदलला. दादा जागचा हलला नाही. शेजारच्या माणसाचं पाऊल पुढे पडलं तेव्हा तो निघाला. मागच्या चौकातही त्याने हेच केलं होतं.

“दादा, तुला दिवा दिसत नाही का?”

“दिसतो की. वरचा लागलाय की खालचा, एवढं कळलं म्हणजे झालं.”

“मग लोकांच्या पायांकडे कशाला बघतोस?”

दादा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. पिशवी मांडीवर घेतली.

“एक डिस्क बिघडलीय असं तुला सांगितलं ना, ते अर्धंच होतं. खोक्यात चार असतात. एक गेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचं सगळं भरून काढतात. दोन गेल्या की खेळ खलास. चांगलीवर हिरवा दिवा लागतो, बिघडलेलीवर नारिंगी. दिवा एकच, रंग तेवढा बदलतो. वर नाही, खाली नाही, आणि रंग मला आता ओळखू येत नाही.” तो थांबला. “बिघडलेलीऐवजी मी चांगली उपसली, चिमे. चालू मशीनमधून. आता परत लावलीय, पण खोकं तिला ओळखेल की नाही, देव जाणे. बंद करून ठेवलंय. चालू करायला धीर होत नाही.”



“डोळे डॉक्टरला दाखवलेस?”

“दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करा म्हणाले. मी पुढे ढकललं. तेवढे दिवस मशीन कोण बघणार?”

“पण तू प्रत्येक गोष्टीची नक्कल ठेवायचास ना दुसऱ्या खोक्यात?”

दादाने चपलेने एक खडा सरकवला. “ठेवायचो.”

मग तिला आठवलं. गेल्या उन्हाळ्यात जपमाळ हातात घेऊन ती त्याच्या दारात उभी राहिली होती आणि ओरडली होती, निदान एक तरी धूड बंद कर! त्याने त्याच संध्याकाळी एक बंद करून भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. आता त्याने तिला त्याचा दोष दिला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“लोकांना सांगितलंस?”

“तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी काल जिन्यात भेटला. वडिलांचा फोटो मोठा करून लावायचाय म्हणाला. त्याच्याजवळचा तो मागेच पाण्यात गेलाय. मी म्हटलं, उद्या देतो.”

“खोटं बोललास.”

“बोललो.”

तिच्या ओठांवर देवाचं नाव आलं, पण मागायचं काय ते सुचेना. आपली चूक कबूल करून मागावं तर चूक बोलून दाखवायला हवी, आणि समोर हा असा बसलेला.

“दुसरं खोकं मीच घालवलं, दादा,” ती शेवटी म्हणाली.

“तू आवाजाला कंटाळली होतीस. नक्कल नेमकी त्याच खोक्यात आहे हे मी कुठे सांगितलं होतं तुला?” तो पायरीचा आधार घेत उठला. “हे बघ, घरी गेल्यावर मी बटण दाबतो. तू समोर बसायचं आणि कुठला दिवा नारिंगी ते बोट ठेवून सांगायचं. तू सांगशील तीच मी काढणार.”

“सांगेन.”

पुढच्या चौकात दोघं थांबली. दिवा बदलला तशी तिने त्याच्या दंडाला धरलं आणि पलीकडे नेलं. फुटपाथवर पाय टेकल्यावर त्याने दंड सोडवून घेतला नाही.

“आणि खोकं नाहीच उठलं, तर अकराही दारांवर माझ्याबरोबर येशील? बोलेन मीच. तू नुसती शेजारी उभी राहा, चिमे. पहिल्यांदा शिंप्याकडे जाऊ.”