मुद्देमालाचा खरवस

संस्थान विलीन झालं त्या वर्षीची ही गोष्ट. आमचे हे भोर संस्थानच्या पोलिसांत जमादार होते आणि हिर्डोशीच्या अलीकडे एका चौकीवर आमचं बिऱ्हाड होतं. पौषात वरच्या धनगरवाड्यातल्या एका म्हातारीची गाभण म्हैस चोरीला गेली. तिसऱ्या दिवशी ह्यांनी चोर बाजारात म्हशीसकट धरला. चोरानं कबूलही केलं. तिथंच सगळं मिटायला हवं होतं. पण पंचनाम्यात म्हैस मुद्देमाल म्हणून लिहिली गेली, आणि कोर्टाचा हुकूम येईपर्यंत आमच्या परसात बांधली गेली.

हुकूम यायच्या आत फाल्गुनात संस्थानच गेलं. ह्यांच्या टोपीचा बिल्ला बदलला, वरचे साहेब बदलले, आणि खटल्याचे कागद दफ्तराच्या गाठोड्यांबरोबर पुण्याला गेले. नवे मॅजिस्ट्रेट म्हणाले, कागद आल्याशिवाय म्हैस कुणाची ते मी कसं सांगू. ह्यांनी तीन अर्ज धाडले. एकाचंही उत्तर नाही.

म्हातारी दर चौथ्या दिवशी डोक्यावर गवताचा भारा घेऊन डोंगर उतरायची. म्हशीला चारायची, तिचं अंग चोळायची आणि मला विचारायची, आज नेऊ का. मी नाही म्हणायची. चोर जामिनावर सुटून गावात हिंडत होता, आणि ही आपल्याच म्हशीला भेटायला खाली येत होती. मला तिच्याकडे बघवेना. एकदा ह्यांना म्हटलं, देऊन टाका तिला, कोण विचारतंय. तर माझ्यावरच उखडले. उद्या कोर्टानं म्हैस दाखवा म्हटलं तर काय तुला उभी करू, म्हणाले.

वैशाखात म्हैस व्याली. हे त्या दिवशी हुकुमाच्याच मागं भोरला गेलेले. म्हातारी नेमकी आली होती, तिनंच पारडी ओढून काढली. पारडीचं पोट भरूनही चीक उरला. सड तटतटलेले, पिळल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हातारीनं माझ्या चुलीवर गूळ घालून खरवस केला आणि चौकीतल्या दोघा शिपायांना, शेजारपाजारच्यांना, दिसेल त्याला वाटला. भोरच्या कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणारा एक गृहस्थ वाटेनं चालला होता, तो उन्हाचा आमच्या ओसरीवर टेकला. त्याला मीच दोन वड्या दिल्या. तिसरी त्यानं मागून घेतली. हा वर्तमानपत्राला बातम्या धाडतो हे मला काय ठाऊक!

पंधरा दिवसांनी ते वर्तमानपत्र चौकीत आलं, तेही वरच्या कचेरीच्या पत्राला टाचून. चमत्कारिक बातम्यांच्या चौकटीत, कुठंशी एका देठाला तीन वांगी लागल्याच्या बातमीखाली आम्ही होतो : पोलिसांनी मुद्देमालाचा खरवस करून खाल्ला. म्हातारीचा उल्लेख नाही, चोराचा नाही, चार महिने हुकूम आला नाही त्याबद्दल एक अक्षर नाही. पत्रात ह्यांच्याकडे खुलासा मागितला होता.

ह्यांनी त्या खरवसाचा कणही चाखला नव्हता. कागद माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "कुणाकुणाला दिलास, नावं सांग."

"सगळ्यांना," मी म्हटलं. "तुमचा वाटा ठेवला होता. तुम्ही भोरहून येईपर्यंत तो नासला."

त्या दिवसापासून ह्यांनी घरात त्या म्हशीच्या दुधाला बंदी केली. म्हातारी येईल त्या दिवशी उरलेलं दूध ती न्यायची. बाकीचे दिवस मी ते ओढ्याकाठी ओतून यायची. ओतताना भारी संताप व्हायचा. मी वर्तमानपत्राला कार्ड लिहून सगळी हकीकत कळवली. छापलं नाही.

अखेर ज्येष्ठात बोलावणं आलं : म्हैस आणि पारडी कोर्टापुढं हजर करा. म्हातारी, हे आणि मी, जनावरं चालतील तसे मुक्काम करत भोरला गेलो. खरवस कुणाच्या परवानगीनं केला, असं मॅजिस्ट्रेटनी विचारलं. तेवढ्यात म्हातारी दारातून पुढं आली.

"म्या केला," ती म्हणाली. "म्हस माजी, चीक माजा. ह्या जमादारानं पाच म्हयने मला माज्या म्हशीची दोरी सोडू दिली न्हाई. काय इचारायचं आसंल तर त्ये इचारा."

मॅजिस्ट्रेटनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं कपाट उघडलं. कागद पुण्याहून आलेले होते, कपाटात पडून होते. साहेबांनी उभ्या उभ्या वाचले, सही केली आणि म्हैस, पारडी म्हातारीच्या ताब्यात दिली. तरी ह्यांना निष्काळजीपणाची लेखी ताकीद मिळालीच. कागद कपाटात ठेवणाऱ्याला कुणी काही बोललं नाही.

येताना मी वाटभर ह्यांना म्हणत होते, वर दाद मागा. हे म्हणाले, पुरे आता, मला नोकरी करायचीय.

धनगरवाड्याची वाट फुटते तिथं म्हातारी थांबली. तिनं तांब्याभर दूध काढलं आणि आधी ह्यांच्यापुढं धरलं. हे नको म्हणाले आणि चालू लागले. मी थांबले. सगळा तांब्या उभ्यानं रिकामा केला, तोंड पुसलं आणि त्यांच्या मागं निघाले.